गाईड आणि मेंटॉर: वैद्यकीय महाविद्यालयातल्या नवोदित संशोधकाला नेतृत्व कोणी शिकवायचे?

मृण्मयी_पीएसएम :

नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात सहायक प्राध्यापक आहे. गेल्या महिन्यात आमच्या अधिष्ठात्यांनी मला आणि शरीरक्रियाशास्त्रातल्या एका सहकाऱ्याला बोलावून एक काम सोपवले. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी झाली आहे अशा अध्यापकांसाठी संशोधनातल्या नेतृत्वाच्या प्रशिक्षणाची आणि मेंटॉरिंगची एक योजना आम्ही लिहून द्यायची आहे. मुदत दीड महिन्याची आहे, निधी जवळजवळ नाही, आणि सोबतची तोंडी सूचना अशी की तीन दिवसांची कार्यशाळा घ्यावी, बाहेरून दोन वक्ते बोलवावेत आणि शेवटी प्रमाणपत्रे वाटावीत. कार्यशाळेला माझा विरोध नाही. पण अशा कार्यशाळांचे बरेच बिल्ले माझ्या टेबलाच्या खणात साठले आहेत, आणि पहिला प्रकल्प हाती आल्यावर मला जे प्रश्न पडले त्यांना त्यांतल्या एकाही कार्यशाळेने हात घातला नव्हता, म्हणून हा धागा काढते आहे.

ते प्रश्न कसले होते ते सांगते. माझ्या पहिल्या छोट्या प्रकल्पात घरोघरी जाऊन रक्तदाब मोजणारे दोन सहायक होते. त्यांतल्या एकाने सहा घरांचे फॉर्म घरी न जाताच भरले. सलग सहा फॉर्मांवर १२०/८० हाच आकडा होता म्हणून ते माझ्या लक्षात आले. त्याला कामावरून काढावे की पुन्हा शिकवावे, ती घरे अभ्यासातून वगळावीत की तिथे पुन्हा जावे, एथिक्स कमिटीला कळवावे का, आणि मुख्य म्हणजे हे सगळे कोणाला विचारावे, यातले काहीही मला ठाऊक नव्हते. नमुन्याचा आकार कसा काढायचा हे मात्र मला तीन वेळा शिकवले गेले होते. आपले संशोधनाचे शिक्षण बहुतेक पद्धतीचे आहे. माणसे, पैसा, वेळ आणि श्रेय यांचा निर्वाह कसा करायचा हा भाग ज्याने त्याने ठेचा खाऊनच शिकायचा, असे गृहीत धरलेले दिसते.

प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून एकच संदर्भ देते. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचे २००५ ते २०१४ या दहा वर्षांतले प्रकाशित लेख मोजले होते. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर त्या दहा वर्षांत एकही लेख नव्हता, आणि वर्षाला शंभराहून अधिक लेख देणाऱ्या अवघ्या २५ संस्थांनी एकूण लेखांपैकी सुमारे ४० टक्के दिले होते. तेव्हापासून बरेच बदलले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा झाला, आणि अध्यापकांच्या पदोन्नतीला प्रकाशित लेखांची अट लागली. लेखांची संख्या त्यामुळे वाढली असेल. मात्र ज्या महाविद्यालयात मागच्या पिढीतल्या कोणीच स्वतःचा प्रकल्प चालवलेला नाही, तिथे नव्या माणसाने पाहावे तरी कोणाकडे?

माझ्या मते आपला घोटाळा एका शब्दाशी आहे. एमडी करताना प्रत्येकाला एक गाईड मिळतो आणि आपण समजतो की मेंटॉर मिळाला. गाईड प्रबंधावर सही करतो, तोच परीक्षेच्या वेळी विभागात असतो, पुढे नोकरी लागली तर बहुधा तोच विभागप्रमुख म्हणून गोपनीय अहवाल लिहितो आणि रजा मंजूर करतो. अशा माणसासमोर ‘माझी चूक झाली’ किंवा ‘मला हे जमत नाही’ असे कोणी म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून माझ्या मसुद्यातली पहिली अट अशी आहे की ज्याची सही तुमच्या कागदावर लागते तो तुमचा मेंटॉर नसावा. ही अट लहान महाविद्यालयात पाळता येते का आणि इतरत्र काय अनुभव आहे, हे जाणून घ्यायचे आहे.

आकडेमोड :

विषय महत्त्वाचा आहे. मी वैद्यकीय संख्याशास्त्रात काम करतो, त्यामुळे आधी पुराव्याकडे बघण्याची खोड आहे. २००६ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मेंटॉरिंगवरच्या अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा आला होता. त्यात असे दिसले की मेंटॉर असलेले विद्यार्थी निम्म्याहून कमी होते, आणि काही विषयांत तर मेंटॉर असलेल्या अध्यापकांचे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली होते. हे सगळे बहुतांशी पाश्चात्त्य देशांतले चित्र होते, तेव्हा आपणच मागे आहोत असे समजून खजील होण्याचे कारण नाही.

दुसरा अभ्यास २०१४ सालचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो यादृच्छिक चाचणीच्या पद्धतीने, म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून, केलेला आहे. अमेरिकेतल्या १६ वैद्यकीय केंद्रांत मेंटॉर आणि नवोदित संशोधक यांच्या २८३ जोड्या घेऊन, काही मेंटॉरांना सुमारे आठ तासांचे प्रशिक्षण दिले आणि बाकीच्यांना दिले नाही. प्रशिक्षित मेंटॉरांच्या कौशल्यांत अधिक सुधारणा झाल्याचे दिसले, हे खरे. तथापि ही सुधारणा मुख्यतः त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेल्या गुणांवरून मोजलेली होती. पुढे त्या नवोदितांना अधिक अनुदाने मिळाली का, ते संशोधनात टिकले का, हे त्या अभ्यासावरून कळत नाही. तरीही त्यातली एक बाब मसुद्यात घेण्यासारखी आहे. प्रशिक्षण नवोदितांना नव्हे, मेंटॉरांना दिलेले होते. आपल्याकडच्या कार्यशाळांत नेमके उलटे होते. ज्येष्ठ मंडळी दीप लावून जातात आणि कनिष्ठ मंडळी तीन दिवस बसून राहतात.

निवृत्त_प्राध्यापक :

मी औषधशास्त्राचा अध्यापक होतो, आता निवृत्त आहे. धागाकर्तीची तळमळ पोचली, पण माझा थोडा मतभेद नोंदवतो.

आम्हाला कोणी मेंटॉर नेमून दिला नव्हता आणि ‘लीडरशिप’ हा शब्द आम्ही राजकारणासाठी वापरत असू. जे शिकलो ते नवे लेख एकत्र वाचून चर्चा करणाऱ्या जर्नल क्लबमध्ये, सरांनी खोडलेल्या मसुद्यांतून आणि त्यांच्याबरोबर रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत बसून. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात आणि केईएम रुग्णालयात अध्यापकांनी १९५५ साली स्वतःचे नियतकालिक सुरू केले आणि ते आजही निघते. तिथे संपादनाच्या कामात ओढली गेलेली तरुण मंडळी दुसऱ्याचा लेख परखडपणे, पण सभ्यपणे कसा तपासावा हे शिकली. त्याला कोणी नेतृत्व-प्रशिक्षण म्हटले नाही, पण ते तेच होते. जबाबदारी द्या, चूक करू द्या, पाठीशी उभे राहा. याहून निराळे काही त्या तीन दिवसांत शिकवता येते यावर माझा विश्वास नाही.

जोड्या लावण्याविषयीही शंका आहे. कार्यालयाने यादी करून लावलेली जोडी म्हणजे पत्रिका न बघता जमवलेले लग्न. पहिल्या बैठकीत चहा होतो, दुसरीची तारीख ठरते आणि तिसरी होत नाही.

अर्धवट_प्रबंध :

सर, आपल्या वयाचा आणि अनुभवाचा आदर ठेवून लिहितो. मी तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट आहे. आपल्याला लाभले तसे सर ज्यांना लाभतात त्यांना योजनेची गरज नसतेच. योजना उरलेल्यांसाठी लागते.

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. महाविद्यालयाचे नाव घेत नाही. माझ्या प्रबंधातून पहिला लेख तयार झाला तेव्हा लेखकांच्या यादीत सहा नावे होती. त्यांपैकी दोघांना रुग्ण कोणते होते हेही माहीत नव्हते. एकाचे नाव पदोन्नतीच्या अटीसाठी हवे होते आणि दुसऱ्याचे ‘असू दे, पुढे उपयोगी पडतील’ म्हणून. ज्या सहकारी निवासी डॉक्टरने रात्रीच्या पाळीत निम्मे नमुने गोळा केले तिचे नाव आभारातही नव्हते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष मला तेव्हा तोंडपाठ होते. कामात भरीव सहभाग, मसुदा लिहिणे किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती, अंतिम प्रतीला मान्यता आणि कामाच्या सचोटीची जबाबदारी, हे चारही पूर्ण व्हावे लागतात. परीक्षेत ते लिहून गुणही मिळवले असते. पण खोलीत बसलेल्या पाच वरिष्ठांसमोर ‘सर, हे नाव बसत नाही’ असे म्हणायचे कसे, हे कोणत्या पुस्तकात आहे? नेतृत्वाचे प्रशिक्षण म्हणून मला नेमके हेच वाक्य बोलता यायला हवे आहे.

मृण्मयी_पीएसएम :

हे वाचून थांबावेसे वाटले. ‘ते वाक्य कसे बोलायचे’ हे खरोखर शिकवता येते असे मला वाटते, मात्र ते कनिष्ठावर सोपवून चालणार नाही. आमच्या मसुद्यात आता एक कलम घातले आहे. एथिक्स कमिटीकडे प्रस्ताव जातो त्याच वेळी लेखकत्वाचा एक पानाचा करार जोडायचा. कोण काय करणार, कोणाचे नाव कुठे येणार आणि काम बदलले तर क्रम कसा बदलणार, एवढेच त्यात असेल. काम सुरू होण्याआधी, कोणाचाही मान पणाला लागलेला नसताना हे ठरले, तर ते वाक्य बोलण्याची वेळच कमी वेळा येईल.

टेम्सकाठी :

मी मूळची सोलापूरची, गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये रुग्णालय आणि संशोधन अशी दुहेरी नोकरी करते. मृण्मयी यांची ‘सहीचा माणूस मेंटॉर नको’ ही अट इथे जवळजवळ गृहीत धरलेली आहे. लंडनच्या अकॅडमी ऑफ मेडिकल सायन्सेसची मेंटॉरिंगची योजना २००२ पासून चालते. तिच्यात ज्येष्ठ सदस्य नवोदित वैद्यकीय संशोधकांचे मेंटॉर होतात आणि मेंटॉर आपल्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरचा असावा हे तत्त्व आहे. निवड नवोदिताने करायची असते, आणि बैठकीचा विषय ठरवण्याची, टिपणे ठेवण्याची, पुढची तारीख मागण्याची जबाबदारीही त्याचीच असते. निवृत्त सरांनी म्हटलेली तिसरी बैठक न होण्याची अडचण इथेही आहेच. पण निवड स्वतःची असली तर ती जरा कमी होते.

माझ्या मेंटॉर शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातल्या होत्या, माझा विषय मधुमेह. दोन वर्षांत आम्ही माझ्या संशोधनाच्या आशयावर क्वचितच बोललो. पहिल्या भेटीत त्यांनी मला एकच काम दिले. मागच्या चार आठवड्यांतला प्रत्येक अर्धा तास कुठे गेला ते लिहून आणायला सांगितले. त्या कागदावर संशोधनाचा वाटा बघून मला लाज वाटली. कामांना ‘नाही’ म्हणायला मी त्या कागदामुळे शिकले. घरी मुले लहान होती, आणि बाळंतपणानंतर परत आलेल्या स्त्री संशोधकाने कोणत्या समितीवर जावे आणि कोणत्या टाळाव्यात याविषयी त्यांनी जितके स्पष्ट सांगितले तितके माझ्या विभागात कोणी सांगितले नसते, कारण विभागाला त्या सगळ्याच समित्यांवर माणसे हवी होती.

आणखी एक फरक लक्षात घ्यावा असे सुचवते. सल्ला देणारा मेंटॉर निराळा, आणि तुम्ही हजर नसलेल्या बैठकीत तुमचे नाव पुढे करणारा पाठीराखा निराळा. पाठीराखा विभागातलाच, अधिकारातलाच असावा लागतो. आपले गाईड चांगले मेंटॉर नसले तरी उत्तम पाठीराखे होऊ शकतात. त्यांना योजनेच्या बाहेर ठेवलेत तर ते ती बुडवतील, हे मी अनुभवाने सांगते.

बॉस्टनची_थंडी :

वरच्या प्रतिसादातल्या वेळेच्या मुद्द्याला पुरवणी जोडतो. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांची के-२३ ही पाठ्यवृत्ती रुग्णांवर संशोधन करणाऱ्या नवोदित डॉक्टरांसाठी आहे. तिची खरी ताकद पैशात नाही. वर्षातला ७५ टक्के व्यावसायिक वेळ संशोधनाला आणि त्याच्या शिक्षणाला राखून ठेवण्याची हमी संस्थेला द्यावी लागते, तीत ती आहे. शस्त्रक्रियेच्या काही शाखांना ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. मेंटॉर कोण आणि तो काय शिकवणार हेही अर्जातच लिहावे लागते आणि परीक्षक त्यालाही तपासतात. भारतातल्या जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात ७५ टक्के म्हणणे हा विनोद होईल हे मला कळते. पण शून्य टक्के वेळ देऊन मेंटॉर नेमणे हाही विनोदच आहे.

आकडेमोड :

सहमत. भारतात याला अगदीच पर्याय नाहीत असेही नाही. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ साली उभ्या केलेल्या इंडिया अलायन्सच्या पाठ्यवृत्त्या डॉक्टरांनाही मिळतात, आणि नव्याने प्रयोगशाळा उभारणाऱ्यांसाठी माणसे सांभाळण्याचे, मतभेद मिटवण्याचे अभ्यासवर्ग एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या साहाय्याने इथे झालेले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची पाठ्यवृत्ती तर १९७९ पासून आहे. अडचण अशी की या सगळ्याला अर्ज कसा लिहावा हे सांगणारा माणूस जिथे आधीच आहे, तिथलीच मुले अर्ज करतात.

जिल्हा_क्षयरोग :

मी अध्यापक नाही, सार्वजनिक आरोग्य खात्यात आहे, तरीही लिहितो, कारण ज्या प्रशिक्षणाने माझ्यात खरा फरक पडला त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. कार्यात्मक संशोधनाचे ‘सॉर्ट-इट’ नावाचे अभ्यासवर्ग जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न टीडीआर या उष्णकटिबंधीय रोगांवरच्या संशोधन-कार्यक्रमाच्या समन्वयाने चालतात. त्यांची मूळ पद्धत क्षयरोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी २००९ साली बसवली. तीन टप्पे असतात. पहिल्यात प्रस्ताव लिहायचा, दुसऱ्यात माहिती संगणकात भरून तिचे विश्लेषण करायचे, तिसऱ्यात लेख लिहायचा. मधल्या महिन्यांत आपापल्या नोकरीत राहून काम करायचे आणि मेंटॉर सतत पाठीशी असतात.

या पद्धतीचे वैशिष्ट्य म्हणजे तिची निर्दयता. ठरलेल्या तारखेला ठरलेले काम पूर्ण झाले नाही तर पुढच्या टप्प्यात प्रवेश मिळत नाही. कारण ऐकले जाते, सहानुभूतीही मिळते, पण प्रवेश नाही. सरकारी नोकरीत मुदत म्हणजे मुदतवाढीची पहिली पायरी असे समजणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा धक्काच होता. दुसरे असे की तिथे मेंटॉर तुमच्या शेजारी बसून वाक्य वाक्य तपासतात. माझ्या लेखाच्या प्रस्तावनेची अकरा रूपे झाली. कोणी मला नेतृत्वावर व्याख्यान दिले नाही. पण परत आल्यावर माझ्या हाताखालच्या पर्यवेक्षकांना मी त्याच पद्धतीने शिकवू लागलो आणि तालुक्यातल्या नोंदवह्यांकडे प्रश्न विचारण्याच्या नजरेने बघू लागलो.

मृण्मयी, तुमच्या अधिष्ठात्यांना तीन दिवसच हवे असतील तर ते एकदम देऊ नका. चार महिन्यांच्या अंतराने एकेक दिवस घ्या आणि मधल्या काळातले काम पूर्ण केलेल्यालाच पुढच्या दिवशी आत घ्या. खर्च तेवढाच येईल.

निवृत्त_प्राध्यापक :

हे मात्र पटले. तारखेला दार बंद करणारी योजना मला मान्य आहे.

माझ्या आधीच्या प्रतिसादात एक गोष्ट राहून गेली आणि ती माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते, म्हणून प्रामाणिकपणे लिहितो. त्याच सेठ जी. एस. महाविद्यालयात २००५ साली वैद्यकीय अध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या अमेरिकेतल्या फेमर संस्थेचे प्रादेशिक केंद्र सुरू झाले. ते वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रातले आहे, रुग्ण-संशोधनातले नव्हे. पण पाठ्यवृत्ती दोन वर्षांची, प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयात एक प्रकल्प करायचा, आणि मधल्या काळात ईमेलच्या एका गटावर सगळ्यांनी एकमेकांशी बोलत राहायचे, अशी तिची रचना होती. माझी एक कनिष्ठ सहकारी त्यातून गेली. जाताना ती विभागाच्या बैठकीत तोंड उघडत नसे. परत आल्यावर तिने अभ्यासक्रम समितीत माझ्याच प्रस्तावाला मुद्देसूद विरोध केला आणि तो हाणून पाडला. त्या दिवशी राग आला होता. नंतर लक्षात आले की मी स्वतः तिला आठ वर्षांत हे शिकवू शकलो नव्हतो. कदाचित तिला त्या वर्गात जे मिळाले ते समवयस्कांकडून मिळाले असेल. मेंटॉर म्हणजे म्हाताराच असला पाहिजे असे आपण का धरून बसलो आहोत?

सायकलस्वार :

मी डॉक्टर नाही. पुणे जिल्ह्यातल्या गावांत एका दीर्घ अभ्यासासाठी बरीच वर्षे क्षेत्र-पर्यवेक्षक म्हणून काम केले. सुरुवातीच्या १२०/८० च्या प्रसंगाविषयी पलीकडच्या बाजूने लिहितो.

खोटे फॉर्म भरणारा माणूस बहुधा आळशी नसतो. बहुतेक वेळा त्याला दिवसाला बारा घरे सांगितलेली असतात आणि आठच होऊ शकतात. त्यातही वस्तीवर जायला एसटी नसते, बाई रानात गेलेली असते, सासू दारातूनच परत पाठवते. हे तो वर सांगत नाही, कारण मागच्या वेळी सांगणाऱ्याला बोलणी बसलेली त्याने पाहिलेली असतात. आमच्याकडे एक तरुण डॉक्टर नवीन आल्या तेव्हा त्यांनी पहिले दोन आठवडे काहीही सूचना न देता आमच्याबरोबर घरोघरी फिरून काढले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी घरांचा आकडा कमी केला आणि त्यानंतर आमच्या फॉर्मांतल्या चुका आपोआप कमी झाल्या. त्यांना हे त्यांच्या वरिष्ठांनी सांगितले होते की स्वतः सुचले होते, हे मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रात ज्या वैद्यकीय संशोधनाची जगाने दखल घेतली त्यातले बरेचसे असल्या माणसांच्या जोरावर उभे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, तुलनेसाठी ४७ गावे ठेवली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. त्या प्रयोगातली काळजी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घेतली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू केलेला मातांच्या पोषणाचा अभ्यास त्या मातांची मुले मोठी होईपर्यंत चालू राहिला. इतकी वर्षे गावाने दार उघडत राहणे हे केवळ डॉक्टरच्या हुशारीने होत नाही. तुमच्या योजनेत नवोदित डॉक्टरला एक मेंटॉर डॉक्टरांतला द्या आणि एक आशाताईंतला किंवा जुन्या आरोग्यसेविकांतला द्या, अशी माझी सूचना आहे. हसण्यावारी नेऊ नये.

मृण्मयी_पीएसएम :

हसण्यावारी मुळीच नेलेली नाही. खरे सांगायचे तर तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी त्या सहायकाला फोन केला. तो आता एका खासगी रुग्णालयात काम करतो. त्या दिवशी काय झाले होते असे विचारले, तेव्हा त्याने सांगितले की ती सहा घरे धरणाच्या पलीकडच्या बाजूला होती आणि होडी बंद होती. मी त्याला तेव्हा एवढेच विचारले होते की फॉर्म खरे आहेत की खोटे.

आता मसुद्याची हकिगत. आम्ही तो काल सादर केला. तीन दिवसांची कार्यशाळा मोडून चार चार महिन्यांनी एकेक दिवस आणि मधल्या कामाची अट, हे मान्य झाले. पहिला दिवस नवोदितांचा नसून मेंटॉर होऊ इच्छिणाऱ्यांचा असेल, हेही मान्य झाले, पण एका ज्येष्ठ विभागप्रमुखांनी ‘आम्हाला आता शिकवणार का’ असे विचारलेच. मेंटॉर दुसऱ्या विभागातला किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयातला असेल आणि नवोदिताने तो स्वतः निवडायचा, यावर कोणी हरकत घेतली नाही. मला वाटते, कारण त्याला खर्च नाही. लेखकत्वाच्या करारावर मात्र तासभर चर्चा झाली आणि तो ‘ऐच्छिक’ करण्यात आला. एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितले की ऐच्छिक असला तरी अर्जाच्या तपासणी-यादीत त्याचा रकाना त्या ठेवतील, आणि रकाना रिकामा दिसला की प्रश्न विचारतील.

वेळेचे कलम नामंजूर झाले. आम्ही पंधरा दिवसांतून एक गुरुवारची दुपार मागितली होती. ओपीडीचे कारण सांगितले गेले आणि ते खोटे नाही, कारण आमच्याकडे मंजूर पदांपैकी बरीच रिकामी आहेत. तोडगा असा निघाला की विभागप्रमुखाने लेखी संमती दिली तरच ती दुपार मिळेल. म्हणजे सही पुन्हा त्याच माणसाकडे गेली. टेम्सकाठी, तुम्ही म्हणालात तसे त्यांना पाठीराखे करून घेण्याखेरीज आता मार्ग दिसत नाही.

टेम्सकाठी :

मग संमतीच्या पत्रावर नुसती सही मागू नका. ‘या वर्षी मी या सहकाऱ्याचे नाव कोणत्या संधीसाठी सुचवणार आहे’ असा एक रकाना त्याच पत्रात घाला. परवानगी देणाऱ्याला काही द्यायला सांगितले की त्याची भूमिका बदलते, निदान माझ्या विभागात बदलली.

अर्धवट_प्रबंध :

मृण्मयी मॅडम, योजना अध्यापकांसाठी आहे हे माहीत आहे. रेसिडेंटना त्या गुरुवारी मागच्या बाकावर बसू द्याल का?

मृण्मयी_पीएसएम :

पुढच्या बाकावर बसा. मागचे बाक विभागप्रमुखांसाठी राखले आहेत.

निवृत्त_प्राध्यापक :

शेजारच्या जिल्ह्यातला मेंटॉर चालत असेल तर निवृत्त माणूसही चालावा. औषधशास्त्र किंवा चिकित्सालयीन चाचण्यांविषयी कोणाला बोलायचे असेल तर माझे नाव यादीत टाका. माझी सही आता कोणत्याच कागदावर चालत नाही, ही पात्रता तुमच्या पहिल्या अटीत बसते. गुरुवारी दुपारी चारनंतर फोन करावा. दोन ते चार मी झोपतो.